पंपिंगच्या आकड्यापलीकडे: हृदयाच्या भिंतीची हालचाल मोजणारे अणुवैद्यक

‘पंपिंग पस्तीस टक्के आलंय.’ हृदयविकाराचा रुग्ण असलेल्या घरात हे वाक्य आता रक्तदाबाच्या आकड्याइतके सरावाचे झाले आहे. दिल्लीत एम्सच्या ओपीडीत, रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांच्या रांगेत ते हिंदीतून ऐकू येते आणि नागपूर-पुण्यात आपल्याच नातलगांच्या तोंडून. या आकड्याचे वैद्यकीय नाव इजेक्शन फ्रॅक्शन, अर्थात ईएफ. डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयात तो साधारण ५० ते ७० असतो. शंभर तो कधीच नसतो, त्यामुळे ‘पंपिंग साठच टक्के’ असे ऐकून खचलेल्या माणसाला आधी एवढे सांगितले तरी त्याची झोप परत येते.

आकडा कामाचा आहे, पण तो एक मोठी गोष्ट झाकून ठेवतो. दोन रुग्णांचा ईएफ ३५ आहे असे समजा. पहिल्याची डाव्या जवनिकेची सगळीच भिंत सारख्या प्रमाणात मंदावली आहे. विषाणूचा संसर्ग, वर्षानुवर्षांची दारू किंवा एखादे औषध असे काही त्यामागे असू शकते. दुसऱ्याची समोरची भिंत हार्ट अटॅकनंतर जागच्या जागी थांबली आहे आणि बाकीच्या भिंती जोमाने काम करत आहेत. दोघांचा आकडा एक, आजार वेगळे, उपचारही वेगळे. म्हणून हृदय एकूण किती रक्त फेकते याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: भिंतीचा कोणता भाग हलतो, किती हलतो आणि केव्हा हलतो? अणुवैद्यक, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये वापरून तपासणी करणारी वैद्यकाची शाखा, या प्रश्नाला जे उत्तर देते, त्याची आपल्याकडे फार कमी चर्चा होते.

या शास्त्राची दिल्लीतली मुळे रुग्णालयात नाहीत, संरक्षण खात्यात आहेत. अण्वस्त्रचाचण्यांचे परिणाम काय होतील, या चिंतेतून १९५६ साली दिल्लीच्या डिफेन्स सायन्स लॅबोरेटरीत किरणोत्साराचा अभ्यास करणारा छोटा विभाग निघाला. त्याच वर्षी संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या पुढाकाराने अणुस्फोटांच्या परिणामांवरचे पुस्तक सरकारने प्रसिद्ध केले आणि त्याला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. त्या छोट्या विभागातून १९६१ साली इनमास, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन अँड अलाइड सायन्सेस ही संस्था उभी राहिली. ती तिमारपूरला ज्या रस्त्यावर आहे, त्याला तिचे संस्थापक-संचालक ब्रिगेडियर एस. के. मजुमदार यांचे नाव आहे. बॉम्बच्या भीतीतून सुरू झालेल्या कामाने पुढे डॉक्टरांना समस्थानिके हाताळायला शिकवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इकडे मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले. देशातल्या अणुवैद्यकाच्या पहिल्या पिढीचा मोठा भाग या दोन ठिकाणी घडला. आज एम्स, लष्कराचे आर. अँड आर. रुग्णालय, ओखल्याचे एस्कॉर्ट्स, गुरुग्रामचे मेदांता अशा ठिकाणी हृदयाची अणुवैद्यकीय तपासणी नेहमीची आहे.

तिचे जुने आणि सरळ रूप म्हणजे ‘मुगा’ स्कॅन. हृदयाच्या आत भरलेले रक्तच काही तासांपुरते प्रकाशित करायचे आणि ते भरते-रिकामे होते ते बाहेरून मोजायचे, एवढीच त्यामागची कल्पना. त्यासाठी रुग्णाला आधी किरणोत्सारी नसलेले एक इंजेक्शन देतात. त्यातले कथील तांबड्या रक्तपेशींत शिरते. वीसेक मिनिटांनी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले, की पेशीत आधीच बसलेल्या कथिलामुळे ते हिमोग्लोबिनला घट्ट धरून राहते. आता शरीरातले सगळे रक्त मंद गॅमा किरण सोडू लागते. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड लावलेले असतात. डाव्या बाजूने साधारण ४५ अंशांत कललेला गॅमा कॅमेरा छातीजवळ आणतात, कारण त्या कोनातून दोन जवनिकांमधला पडदा नेमका आडवा येतो आणि उजवे-डावे रक्त वेगळे दिसते.

अडचण अशी, की एका ठोक्यात कॅमेऱ्यापर्यंत पोचणारे किरण इतके थोडे असतात की त्यांतून चित्र बनत नाही. त्यावरचा उपाय मोठा हुशारीचा आहे. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. ईसीजीमधल्या उंच टोकापासून त्याचे १६ भाग केले, तर प्रत्येक भाग ५० मिलिसेकंदांचा होतो. दर ठोक्याच्या पहिल्या भागात आलेले किरण पहिल्या चित्रात जमा करायचे, दुसऱ्या भागातले दुसऱ्यात, आणि हे दहा मिनिटे चालू ठेवायचे. साडेसातशे ठोके एकावर एक रचले जातात आणि पडद्यावर एकच ठोका पुन्हा पुन्हा फिरू लागतो. तो रुग्णाच्या हृदयाचा सरासरी ठोका असतो. ज्याचे ठोके फार अनियमित पडतात, त्याच्यात ही रचना बिघडते. वेडेवाकडे ठोके गाळण्याची सोय यंत्रात असते, तरीही एट्रिअल फिब्रिलेशनच्या रुग्णाचा मुगा वाचताना डॉक्टर सावध असतात.

इथे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य येते. इकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी होणाऱ्या हृदयाच्या तपासणीत, डॉक्टर भिंतीच्या कडा पाहतात आणि जवनिकेचा आकार ठरावीक धरून घनफळ काढतात. अटॅकनंतर जवनिकेचा आकारच वेडावाकडा झाला, तर ते गृहीतक डळमळते. मुगामध्ये आकाराचा प्रश्न येत नाही. जितके रक्त, तितके किरण. मोजणी झाली की काम झाले. कल्पनेतले एक उदाहरण घेऊ. कप्पा पूर्ण भरलेला असताना त्या जागेवरून २६,००० किरण मोजले गेले, आकुंचन पावल्यावर १५,०००. पण मागची फुप्फुसे आणि आजूबाजूच्या रक्ताचेही त्यात साधारण ६,००० आहेत. ते वजा केले, तर २०,००० पैकी ११,००० बाहेर गेले, म्हणजे ईएफ ५५. ही वजाबाकी विसरली, तर तेच हृदय ४२ टक्क्यांचे दिसेल. निरोगी माणूस आजारी ठरेल. म्हणून पार्श्वभूमीची जागा नेमकी कुठे आखायची, हे तंत्रज्ञाच्या हातातले सर्वांत जबाबदारीचे काम आहे. योगायोगाने होणारा फरक त्या मानाने किरकोळ असतो. वीस हजारांच्या मोजणीत तो १४० च्या आसपास, म्हणजे एक टक्काही नाही.

ही पद्धत १९७१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या चमूने मांडली. त्या आधी डाव्या जवनिकेचे असे मोजमाप करायचे, तर मांडीतल्या किंवा हातातल्या धमनीतून नळी हृदयापर्यंत न्यावी लागे. स्ट्रॉस, झारेट, हर्ली, नटराजन आणि पिट या पाच जणांच्या शोधनिबंधाने नळीशिवाय ईएफ काढता येतो हे दाखवले. त्याच वर्षी झारेट आणि सहकाऱ्यांनी भिंतीचा एखादाच भाग थकला असेल तर तोही याच रीतीने ओळखता येतो, असे सांगितले. भिंतीच्या हालचालीसाठी वापरले जाणारे शब्द आजही रिपोर्टात दिसतात: हायपोकायनेसिया, म्हणजे भाग हलतो पण कमी, अकायनेसिया, म्हणजे हलतच नाही, डिसकायनेसिया, म्हणजे बाकीचे हृदय आत आवळले जात असताना हा भाग उलटा बाहेर फुगतो. तिसरा शब्द दिसला की डॉक्टर धमनीविस्फारासारखा भिंतीचा फुगवटा, म्हणजे ॲन्युरिझम आहे का, ते शोधतात.

एवढ्यावर थांबले असते तर मुगा हा ईएफ काढण्याचा एक मार्ग एवढाच राहिला असता. १९७९ च्या सुमारास जर्मनीत उल्म इथल्या ॲडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गणित आणले. चित्रातल्या प्रत्येक बिंदूवर ठोक्याबरोबर किरण वाढतात आणि कमी होतात. त्या चढउतारावर फुरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या पद्धतीने एक सरळ लहर बसवली, की प्रत्येक बिंदूला दोन आकडे मिळतात: हालचाल किती मोठी, आणि ती ठोक्यात केव्हा झाली. दुसऱ्या आकड्याला फेज म्हणतात. निरोगी जवनिकेत सगळे बिंदू जवळजवळ एकाच क्षणी आवळतात, त्यामुळे फेजचा आलेख अरुंद आणि उंच येतो. ज्याच्या हृदयातली डावी विद्युतवाहिनी तुटली आहे, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक आहे, त्याच्यात एक भिंत आधी आवळते आणि समोरची मागाहून. लेझीम पथकातल्या प्रत्येकाच्या हातात ताकद असली, तरी ठेका चुकला की नाद विस्कटतो, तसे हे आहे. अशा रुग्णाच्या भिंती मेलेल्या नसतात. त्यांची वेळ चुकते आणि अर्धे बळ एकमेकींविरुद्ध वाया जाते. दोन्ही बाजूंना एकदम विद्युतठोका देणारा खास पेसमेकर अशांपैकी काहींना फार उपयोगी पडतो, आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवताना फेजचा आलेख मदतीला येतो.

मुगामध्ये एक उणीव राहतेच. चित्र सपाट असते, पुढची भिंत मागच्या भिंतीवर पडते. १९९० नंतर कॅमेरा छातीभोवती फिरवून त्रिमितीय चित्र घेणारा गेटेड स्पेक्ट रूढ झाला. यात रक्त प्रकाशित करत नाहीत. रक्तपुरवठ्याच्या प्रमाणात स्नायूत शिरणारे, टेक्नेशियमचेच सेस्टामिबीसारखे औषध देतात, त्यामुळे भिंत स्वतःच दिसते. आपल्याकडे लोक आणि पुष्कळदा डॉक्टरही याला ‘स्ट्रेस थॅलियम’च म्हणतात, कारण सुरुवातीला थॅलियम वापरले जाई. अमेरिकेत गुइडो जर्मानो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या चित्रांतून ईएफ आपोआप काढणारी संगणकप्रणाली दिली. २००२ पासून डाव्या जवनिकेचे १७ भाग पाडून प्रत्येकाला गुण देण्याची रीत सगळीकडे मान्य झाली. आता ‘समोरची भिंत कमकुवत’ एवढ्यावर भागत नाही. १७ पैकी कोणते तुकडे, ते लिहावे लागते.

गेटेड स्पेक्टमधली एक भौतिकी चलाखी तर मला विलक्षण वाटते. हृदयाची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते आणि कॅमेऱ्याला त्याहून बारीक स्पष्ट दिसत नाही. म्हणजे भिंत आवळताना जाड झाली, तर ती मोजायची कशी? कॅमेऱ्याच्या नजरेपेक्षा बारीक असलेली वस्तू जाड होते, तेव्हा चित्रात ती रुंद होण्याऐवजी अधिक उजळ दिसते. ही उणीवच मग मोजपट्टी बनते: ठोक्यागणिक उजळपणा किती टक्के वाढला, ते पाहिले की भिंत किती जाड झाली, ते कळते.

जाडी मोजण्याची गरज का, याचे एक उदाहरण बायपास झालेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. बायपासनंतर अनेक रुग्णांच्या रिपोर्टात ‘सेप्टमची (म्हणजे दोन जवनिकांमधल्या पडद्याची) हालचाल असामान्य’ असे लिहून येते आणि घरच्यांना वाटते की ऑपरेशन फसले. शस्त्रक्रियेत हृदयाभोवतीचे आवरण उघडले जाते, त्यामुळे संपूर्ण हृदय छातीत थोडे पुढे सरकत आवळते आणि मधला पडदा उलट्या दिशेला जातो असे दिसते. पण तोच पडदा नीट जाड होत असेल, तर तो स्नायू निरोगी आहे. हालचाल आणि जाड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे जाड होण्याला जास्त वजन द्यावे.

याच धाग्यावर पुढचा, आयुष्य बदलणारा प्रश्न येतो: न हलणारी भिंत मेलेली असते का? बऱ्याचदा नसते. मुंबईत जन्मलेले हृदयतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘हायबर्नेटिंग मायोकार्डियम’ ही कल्पना ठामपणे मांडली. रक्तपुरवठा दीर्घकाळ तुटपुंजा राहिला, तर स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवतो आणि जिवंत राहतो. रक्त परत मिळाले की पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत तो पुन्हा हलू लागतो. भिंत हलत नाही, पण औषध भरपूर शोषते असे चित्र दिसले, तर त्या भागाला बायपास किंवा स्टेंटचा फायदा होण्याची आशा असते. भिंत हलतही नाही आणि औषधही घेत नाही, तर तिथे बहुधा व्रण उरलेला असतो. काही वेळा यासाठी साखरेचे किरणोत्सारी रूप वापरून पेट स्कॅन करतात. हालचाल आणि जिवंतपणा या दोन्हींचा जबाब एकाच बैठकीत घेणे ही अणुवैद्यकाची ताकद आहे. थांबलेली भिंत दिसताच ‘आता काही उरले नाही’ असे रुग्णाला सांगणे मला अन्यायाचे वाटते.

दिल्लीतल्या कॅमेऱ्यात पडणाऱ्या प्रत्येक किरणामागे एक लांब साखळी आहे. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य फक्त सहा तासांचे. ते साठवता येत नाही. मॉलिब्डेनम-९९ या ६६ तास अर्धायुष्याच्या पित्याला रुग्णालयात आणून रोज सकाळी त्याच्यातून टेक्नेशियम धुऊन काढावे लागते. ज्या छोट्या, शिशाच्या आवरणातल्या उपकरणात हे घडते, त्याला जनरेटर म्हणतात. अशी जनरेटर वाशीच्या ब्रिट, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीकडून येतात, काही परदेशातून मागवतात. जनरेटर पोहोचायला १२ तासांचा उशीर झाला, तर वाटेतच साधारण १२ टक्के मॉलिब्डेनम संपते. मग हिवाळ्यातल्या दिल्लीच्या धुक्याने विमाने अडकली, की त्याची किंमत रुग्णांच्या यादीला मोजावी लागते. २००९-१० मध्ये कॅनडातली चॉक रिव्हर इथली अणुभट्टी पंधरा महिने बंद राहिली आणि जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. आपल्याकडे ट्रॉम्बेला मॉलिब्डेनम बनवण्याचे काम जुने आहे. सुरुवातीच्या काळात भट्टीत तयार झालेल्या कमी तीव्रतेच्या मॉलिब्डेनममधून द्रावक वापरून टेक्नेशियम काढण्याची देशी पद्धत भारतीय केंद्रांनी वर्षानुवर्षे चालवली. अशा कामाला देशाने भरभरून पैसा द्यावा असे मला वाटते, कारण त्याच्यावर हजारो तपासण्या उभ्या असतात.

किरणोत्सार म्हटले की दिल्लीकराला मायापुरी आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने उपकरण फोडले गेले. आतल्या कोबाल्ट-६० मुळे कामगार होरपळले आणि एकाचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची आठवण ठेवलीच पाहिजे. पण कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांहून थोडे अधिक असते आणि त्याचे किरण टेक्नेशियमच्या किरणांपेक्षा आठ-नऊ पट जोरकस असतात. तपासणीसाठी दिलेले टेक्नेशियम दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळाव्या हिश्श्यावर येते. मुगाने शरीराला मिळणारा डोस साधारण सात मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोन-तीन वर्षांत सरासरीने मिळतो तेवढा. तो नगण्य नाही. गरोदर स्त्रीने किंवा स्तनपान देणाऱ्या आईने इंजेक्शन घेण्यापूर्वीच तसे सांगायला हवे. आणि गरज नसताना ही तपासणी कोणी करू नये.

मग कोणाला करावी? पहिला मान इकोचा, यात मला शंका नाही. तो स्वस्त आहे, खाटेपाशी होतो, किरण नसतात. पण छातीची ठेवण किंवा फुप्फुसाचा आजार यांमुळे इकोची चित्रे अस्पष्ट येतात तेव्हा, थांबलेली भिंत जिवंत आहे का हे ठरवायचे असते तेव्हा, आणि तोच आकडा पुन्हा पुन्हा, भरवशाने मोजायचा असतो तेव्हा अणुवैद्यकाकडे वळावे. उलट, लहान बांध्याच्या बायकांच्या छोट्या हृदयात गेटेड स्पेक्ट ईएफ वाजवीपेक्षा जास्त दाखवतो; तिथे ७५ चा आकडा पाहून कोणी खूश होऊ नये.

पुन्हा पुन्हा मोजण्याची सर्वांत मोठी गरज कर्करोगाच्या रुग्णांना असते. दिल्लीत स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, आणि त्यावरचे ‘लाल सलाईन’ म्हणून रुग्णांना माहीत असलेले डॉक्सोरुबिसिन जितके परिणामकारक, तितकेच हृदयाच्या स्नायूला त्रासदायक. एकूण डोस वाढत जातो, तसा धोका वाढतो. ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधानेही हृदय मंदावू शकते. रुग्णाला दम लागण्याच्या कितीतरी आधी ईएफ घसरू लागतो. तो दहा अंकांनी घसरून ५० च्या खाली गेला, तर औषध थांबवण्याचा किंवा बदलण्याचा विचार करावा, अशी रीत १९८० च्या दशकात मुगाच्याच आधारे बसली. आज इकोची नवी तंत्रे या कामात पुढे आली आहेत, तरीही आकडे घेण्याची पद्धत मध्येच बदलणे धोक्याचे. इकोतले ५८ आणि मुगातले ५१ यांची वजाबाकी करून हृदय सात अंकांनी खचले असे म्हणता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी केमोथेरपी सुरू होणार आहे, त्यांनी पहिले सलाईन लागण्यापूर्वी हृदयाची पहिली नोंद करून घ्यावी. पुढची प्रत्येक तपासणी त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच केंद्रात करावी. नुसता कागद न घेता चित्रांची सीडी मागावी आणि ती जपून ठेवावी. आणि डॉक्टरांना पंपिंग किती हे विचारून झाले, की आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: कोणती भिंत हलत नाही, आणि ती जिवंत आहे का?